उपयोग काय? : गोळीकिड्याच्या इतिहासाच्या निमित्ताने

१

एम.ए.च्या वर्गाला शब्दार्थविचार शिकवताना आम्ही दरवर्षी एक स्वाध्याय देत असतो. आपापल्या गावच्या बोलीत लहानसहान जीवांना जी नावे आहेत ती घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणायची. त्यासाठी एक तक्ताही आम्हीच आखून दिलेला आहे : प्राण्याचे नाव, गाव, सांगणाऱ्याचे वय आणि शेवटच्या रकान्यात 'उपयोग वा उपद्रव'. विद्यार्थी याद्या आणतात. वाणी, गोम, कसर, वाळवी, गोचीड, पिसू, चतुर, काजवा, टोळ, सुरवंट. ह्या याद्या वाचणे हा आमच्या नोकरीतल्या मोजक्या निर्भेळ आनंदांपैकी एक आहे.

एका पावसाळ्यात एका विद्यार्थिनीने यादीच्या शेवटी नावाऐवजी वर्णनच लिहून आणले : कुंडी उचलली की खाली असतो, राखाडी, हात लावला की गोळी होतो, तो. आम्ही तो प्रश्न वर्गापुढे ठेवला. प्राणी जवळजवळ सर्वांनी पाहिलेला होता. कोणी त्याला वाणी म्हटले, कोणी गोम, बहुतेकांनी नुसते 'किडा'. वाणी आणि गोम ही तर दुसऱ्याच प्राण्यांची नावे. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने निकाल दिला, "सर, त्याचा उपयोग काय? ना चावतो, ना खाता येतो. म्हणून नाव नाही."

वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. मराठी विषय घेऊन एम.ए. करणाऱ्या मुलांना हाच प्रश्न घरी, नातेवाइकांत, मुलाखतीच्या टेबलासमोर रोज ऐकावा लागतो. शिकवणाऱ्यांनाही तो चुकलेला नाही. तेव्हा ज्या प्रश्नाने त्या प्राण्याचा निकाल लागला, त्याच प्रश्नाने आमचाही लागत असतो, हे उघड होते. पुढले काही महिने आम्ही, शास्त्राचा गंध नसलेल्या दोघा मराठीच्या अध्यापकांनी, ह्या प्राण्याचा इतिहास मिळेल तेथून वाचला. हा लेख म्हणजे त्या मागच्या बाकाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

लेखापुरते आम्ही त्याला 'गोळीकिडा' म्हणणार आहोत. 'किडा' हा शब्द शास्त्राला धरून नाही, कारण हा प्राणी कीटक नव्हेच. तो कवचधारी प्राण्यांपैकी, म्हणजे खेकडा आणि कोळंबी ह्यांच्या गोतातला. ह्या गोतातल्या जमिनीवर राहणाऱ्या जाती साडेतीन हजारांहून अधिक आहेत. त्यांपैकी युरोपात सर्वांत परिचित असलेली आणि माणसाबरोबर जगभर पसरलेली जात म्हणजे 'आर्माडिलिडियम व्हल्गरे'. आमच्या कुंडीखालचा प्राणी नेमका हाच, असा आमचा दावा नाही. तो त्याच गोतातला एखादा सोयरा असावा. पुढील इतिहास मात्र मुख्यतः ह्या युरोपीय जातीचा आणि तिच्या शेजारणींचा आहे.

२

ग्रीकांनी ह्या प्राण्याला गाढव म्हटले. ॲरिस्टॉटल माशांवर राहणाऱ्या समुद्रातल्या उवांचे वर्णन करताना त्यांची तुलना 'बहुपाद गाढवां'शी करतो. ह्या नावामागे राखाडी रंगाचे साम्य असावे. पुढे 'छोटे गाढव' अशा अर्थाचे 'ऑनिस्कस' हे ग्रीक आणि 'असेलस' हे लॅटिन नाव रूढ झाले. अठराव्या शतकात लिनीअसने सृष्टीची नोंदवही मांडली तेव्हा १७५८ साली एका जातीला त्याने ही दोन्ही नावे एकत्र देऊन टाकली : ऑनिस्कस असेलस, म्हणजे 'छोटे गाढव छोटे गाढव'. ह्या नोंदवहीत त्याने गोळीकिड्याला बिनपंखी कीटकांत बसवले होते. मात्र त्याच रांगेत खेकडाही बसला होता, हे सांगितले पाहिजे.

गाढवाखेरीज डुकराचीही उपमा आहे. 'पोर्सेलिओ' ह्या वंशनामाचा अर्थ डुकराचे पिल्लू. 'आर्माडिलिडियम' हे नाव तर अमेरिकेतून आले आहे. अंगावर चिलखत असलेला एक सस्तन प्राणी स्पॅनिश लोकांनी तेथे पाहिला आणि त्याला 'छोटा चिलखती' अशा अर्थाचे 'आर्माडिलो' हे नाव दिले. युरोपातल्या अंगणात हजारो वर्षे नांदत असलेल्या जिवाला ते परक्या खंडातल्या जनावरावरून मिळाले. जपानी भाषेत त्याचे नाव 'दांगोमुशी', म्हणजे तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्यासारखा किडा. प्रत्येक भाषेने आपल्या दारातले किंवा ताटातले काहीतरी त्याला देऊ केले.

आता उपयोग. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या डायोस्कॉरिडीसने औषधिद्रव्यांवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात ह्या प्राण्याचा पत्ता दिला आहे : पाण्याच्या घड्यांखाली. हात लावला की तो गोल होतो, हेही त्याने नोंदवले आहे. हे वाचताना आम्हाला आमच्या आजोळचा रांजण आणि त्याखालची ओल आठवली. पण डायोस्कॉरिडीसला त्या ओलीत रस नाही. पुढच्याच वाक्यात तो औषधाकडे वळतो : मद्यातून घेतल्यास लघवीचा त्रास आणि कावीळ ह्यांवर गुणकारी.

ही एक नोंद पुढे सुमारे सतराशे वर्षे टिकून राहिली. सतराव्या आणि अठराव्या शतकांत युरोपातल्या औषधसूचींत गोळीकिडे अधिकृत द्रव्य म्हणून दाखल होते. त्यांना गरम मद्याच्या वाफेवर मारून, वाळवून, कुटून त्यांची पूड करीत. काही लोक ते जिवंतच गिळत. प्राणी स्वतःच गोळी झालेला, तेव्हा वैद्याचे अर्धे काम त्यानेच केलेले. डच भाषेत त्याला आजही 'पिसेबेद' म्हणतात, म्हणजे अंथरूण ओले करणारा, आणि त्या नावाचा संबंध ह्याच मूत्रविकारांवरील उपचाराशी जोडला जातो.

इतकी शतके इतक्या लोकांनी हा प्राणी हाताळला, मोजला, कुटला. परंतु औषधांच्या नोंदींत तो कसा जगतो, काय खातो, पिले कशी वाढवतो ह्यांविषयी जवळजवळ काही सापडत नाही. रोग, मात्रा आणि कृती एवढेच त्यांत असते. उपयोग कळला की पाहणे संपते, ह्याचा एवढा दीर्घ पुरावा आम्हाला तरी दुसरा माहीत नाही. आणि गमतीची गोष्ट अशी की, ज्याला मूत्रविकारांचा वैद्य मानले, त्या प्राण्याला तशी लघवी करण्याची फारशी गरजच नसते. शरीरातला नत्रयुक्त टाकाऊ अंश तो मुख्यतः अमोनिया वायूच्या रूपाने बाहेर सोडतो. हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

३

आता ज्या माणसाने गोळीकिड्याला शास्त्रीय नाव दिले त्याच्याकडे वळू. पिएर आंद्रे लात्रेय हा १७६२ साली फ्रान्समधल्या ब्रीव्ह ह्या गावी जन्मला. एका सरदाराचा हा अनौरस मुलगा. बापाने त्याला कधी आपला म्हटले नाही आणि आईने जन्मतःच टाकून दिले. 'लात्रेय' हे मुळात टोपणनाव. ते आडनाव म्हणून त्याला कायदेशीर रीत्या मिळाले १८१३ साली, वयाच्या पन्नाशीनंतर. तोवर त्याने कित्येक प्राण्यांना नावे देऊन ठेवली होती.

लात्रेयने धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली होती, पण मन कीटकांत. राज्यक्रांतीनंतर १७९० साली धर्मोपदेशकांसाठी नवा कायदा आला आणि राज्याशी निष्ठेची शपथ सक्तीची झाली. त्याने शपथ घेतलेली नव्हती. १७९३ मध्ये त्याला अटक झाली आणि तो बोर्दो येथील तुरुंगात पडला. तेथे मरणाची टांगती तलवार होती. एके दिवशी तुरुंगाचा वैद्य कैद्यांना तपासायला आला, तेव्हा हा कैदी कोठडीच्या जमिनीवरचा एक भुंगेरा निरखीत बसलेला त्याला दिसला. लात्रेयने सांगितले की ही जात दुर्मिळ आहे. वैद्याने तो भुंगेरा बोरी द सें-व्हँसां ह्या पंधरा वर्षांच्या निसर्गवेड्या मुलाकडे पाठवला. त्या मुलाला लात्रेयचे काम ठाऊक होते. त्याने खटपट केली, आणि लात्रेय व त्याचा एक सोबती सुटले. बाकीचे कैदी महिन्याभरात मरण पावले, असे सांगतात.

त्या भुंगेऱ्याचे नाव 'नेक्रोबिया रुफिकॉलिस'. मान तांबूस, वाळके मांस, कातडी, हाडे ह्यांवर जगणारा. 'नेक्रोबिया' ह्या शब्दातच मृत्यू आणि जीवन ही दोन्ही ग्रीक पदे आहेत. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत लात्रेयच्या स्मारकावर ह्या भुंगेऱ्याचा उल्लेख 'लात्रेयचा तारणहार' असा कोरलेला आहे.

सुटकेनंतर लात्रेयने कवचधारी प्राणी आणि कीटक ह्यांचा चौदा खंडांचा इतिहास लिहिला. १८०४ साली निघालेल्या त्याच्या सातव्या खंडात आपला गोळीकिडा 'आर्माडिलो व्हल्गारिस' ह्या नावाने आला. 'व्हल्गारिस' म्हणजे सामान्य, सर्वत्र आढळणारा. पुढे ब्रांट ह्या जर्मन शास्त्रज्ञाने त्याच्यासाठी वेगळा वंश केला आणि सध्याचे नाव सिद्ध झाले. ह्या सगळ्या गोताला 'आयसोपोडा', म्हणजे समपाद, हे गणनाम १८१७ साली दिले तेही लात्रेयनेच. ह्या नावात गाढव नाही, डुक्कर नाही, औषध नाही. सारखे पाय, एवढेच आहे. प्राण्याकडे पाहून दिलेले नाव म्हणून ते आम्हाला महत्त्वाचे वाटते. नाकारलेल्या आणि बिननावाच्या माणसाने ते द्यावे ह्यात अर्थ शोधण्याचा मोह साहित्याच्या माणसाला होतो. आम्ही तो आवरतो. घटना तेवढी नोंदवतो.

४

एकदा नाव पक्के झाले की निरनिराळ्या देशांतले लोक एकाच प्राण्याविषयी बोलू लागतात, आणि मग खरे पाहणे सुरू होते. त्यातून जे दिसले ते विलक्षण आहे.

ह्या प्राण्याचे पूर्वज समुद्रातले. कोकणच्या किनाऱ्यावर ओल्या खडकांवरून सुळकन् पळणारे त्याचे भाऊबंद, शास्त्रातले 'लिजिया', आजही भरतीच्या रेषेजवळ राहतात. गोळीकिड्याने किनारा सोडला, पण समुद्र पूर्णपणे सोडता आला नाही. कीटकांच्या कवचावर मेणासारखा थर असतो, तो पाणी आत राखतो. तसा पक्का थर ह्याच्यापाशी नाही, म्हणून कोरड्या हवेत तो सुकून मरतो. श्वासासाठी पोटाखालच्या पायांसारख्या पाकळ्यांत पांढुरक्या पोकळ्या आहेत. त्यांतून हवा घेता येते, पण त्यांनाही ओल लागते. पाणी तो तोंडाने पितो आणि शेपटाकडच्या दोन टोकांनीही टिपून घेतो. गोळी होणे हा शत्रूपासून बचाव तर आहेच, शिवाय ओल धरून ठेवण्याचा उपायही आहे.

मादीच्या छातीखाली पातळ पडद्यांची एक थैली असते आणि ती द्रवाने भरलेली असते. अंडी तीतच वाढतात. जमिनीवर आलेल्या ह्या आईने पिलांपुरता एक लहानसा समुद्र अंगाशी बाळगला आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. थैलीतून बाहेर पडणाऱ्या पिलाला पायांच्या सहा जोड्या असतात. सातवी पुढे कात टाकल्यावर येते. कात टाकण्याची रीतही निराळी. आधी मागचा अर्धा भाग कात टाकतो, काही दिवसांनी पुढचा. म्हणून कधी कधी अर्धा राखाडी आणि अर्धा फिकट असा प्राणी दिसतो. टाकलेली कात तो खाऊन टाकतो. त्यातला चुना वाया जाऊ देत नाही. एरवी त्याचे अन्न कुजकी पाने आणि लाकूड. पानांचे तुकडे करून तो ते बुरशी आणि जिवाणूंच्या हवाली करतो आणि माती घडायला हातभार लावतो. उपयोगाचाच आग्रह असेल तर हा उपयोग मोठा आहे.

तथापि आम्हाला अधिक विचार करायला लावले ते १९३७ सालच्या एका साध्या प्रयोगाने. गन ह्या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने पोर्सेलिओ स्कॅबर ह्या जातीचे प्राणी कोरड्या आणि दमट हवेत ठेवून त्यांचे चालणे पाहिले. ते दमट बाजूला गोळा होतात. आपण सहज म्हणू की ते ओल शोधतात, सावलीकडे धाव घेतात. गनला दिसले ते असे : कोरड्या हवेत ते अधिक चालतात, दमट हवेत थांबतात. ओलीच्या दिशेने जाण्यासाठी ओलीची दिशा कळावी लागत नाही. जेथे जीव तगमगतो तेथून हलत राहायचे, जेथे शांत वाटते तेथे थांबायचे; एवढ्या एका नियमाने सगळा जमाव कुंडीखाली पोहोचतो.

'शोध', 'ओढ', 'घराकडे धाव' हे शब्द आमच्या व्यवसायातले रोजचे शब्द आहेत. कवितेचा अर्थ सांगताना आम्ही ते किती सैलपणे वापरतो, हे ह्या प्रयोगाने दाखवले. आणि ह्या वाक्यात 'तगमगतो' हे क्रियापदही आम्हीच घुसडले आहे, हे लिहिता लिहिता लक्षात आले. रूपकावाचून पाहणे आम्हाला जमणार नाही कदाचित. पण रूपक कोठे सुरू झाले हे ओळखता आले पाहिजे.

५

ह्या इतिहासातले शेवटचे प्रकरण फ्रान्समधलेच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अल्बेर व्हांदेल ह्या प्राणिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की काही गोळीकिड्यांच्या माद्यांना केवळ मुलीच होतात. पुढे प्वातिए येथील विद्यापीठातल्या संशोधकांनी ह्या कोड्याचा पिच्छा पुरवला. १९७३ साली त्यांना आर्माडिलिडियम व्हल्गरेच्या पेशींत एक सूक्ष्म जिवाणू आढळला. 'वोल्बाकिया' म्हणून तो आज ओळखला जातो. तो आईच्या अंड्यातून पिलात येतो. जन्मतः नराची गुणसूत्रे घेऊन आलेल्या पिलातही नरग्रंथी वाढू देत नाही, आणि ते पिलू मादी म्हणून वाढते, अंडी घालते, आई होते. अशा काही वस्त्यांतून मादीचे मूळ गुणसूत्र नाहीसे होते आणि कोण नर व कोण मादी हे जिवाणूच्या असण्यानसण्यावर ठरते.

कथा येथेही थांबत नाही. काही वस्त्यांत जिवाणू नसतानाही माद्या अधिक होत्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की वोल्बाकियाच्या जनुकसंचाचा बराच मोठा भाग प्राण्याच्या स्वतःच्या गुणसूत्रात शिरून बसला आहे आणि तोच आता मादीपण ठरवणाऱ्या नव्या गुणसूत्राचे काम करतो आहे. नर आणि मादी ह्यांची सीमा निसर्गाने एकदाच आखून दिली आहे, असे वर्गातल्या वादात जो ठामपणे सांगतो, त्याला आम्ही आता कुंडी उचलायला सांगतो. लिंग कसे ठरते आणि ती व्यवस्था कशी बदलते, ह्या प्रश्नावर ह्या प्राण्याने जे दाखवले ते त्याची पूड करून कधीच दिसले नसते.

६

पुढल्या वर्षी आम्ही लात्रेयची कथा वर्गाला सांगितली. सांगण्यात थोडा विजयाचा सूर आला असावा : पाहा, निरुपयोगी ज्ञानाने माणसाचा जीव वाचला. वर्ग गप्प झाला. मग पहिल्या बाकावरच्या एकीने विचारले, "आणि बाकीचे कैदी, सर? त्यांना भुंगेऱ्यांतले काही कळत नव्हते म्हणून ते मेले का?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिचा प्रश्न बरोबर होता. लात्रेयच्या सुटकेची कथा सांगून आम्ही कीटकविद्येलाही 'उपयोगी' ठरवायला निघालो होतो, म्हणजे मागच्या बाकाच्याच न्यायालयात उभे राहून साक्ष देत होतो. तो भुंगेरा सापडला नसता तरी लात्रेयचे पाहणे तितकेच खरे असते; आणि ज्यांना कोणताही भुंगेरा सापडला नाही, त्यांचे जीवही तितकेच मोलाचे होते. भुंगेऱ्याचे नाव दगडावर कोरलेले आहे. त्या कैद्यांची नावे ह्या कथेत कोठेही येत नाहीत. नाव कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा प्रश्न कुंडीखालून सुरू होऊन येथवर येतो. साहित्याच्या वर्गात तो विचारला गेला ह्याचे आम्हाला समाधान वाटले.

मग आम्ही आमचा तक्ता काढून पाहिला. 'उपयोग वा उपद्रव' हा शेवटचा रकाना आम्हीच आखला होता. मागच्या बाकावरच्या मुलाने नवे काही विचारलेच नव्हते. त्याने आमचा तक्ता नीट वाचला होता, इतकेच. ह्या वर्षी तो रकाना काढून टाकला आहे. त्या जागी आता 'तुम्ही स्वतः काय पाहिले?' असे लिहिले आहे. पहिल्या पावसानंतर आलेल्या याद्यांत गोळीकिड्याचे नाव अजून कोणाला सापडलेले नाही. मात्र एकाने त्या रकान्यात लिहिले आहे : कुंडी परत ठेवली, दहा मिनिटांनी उचलली, तो तेथेच होता, अर्धा फिकट दिसत होता.